सिस्टरांची अंजिराची बिस्किटं

सिस्टरांनी मला खोली देण्याआधी एकच प्रश्न विचारला होता. अंडं खातोस का?

मी पुण्याहून नुकताच आलो होतो. नोकरी मिल्टन कीन्सला, पण ऑफिसातल्या एकानं सांगितलं की बेडफर्डला एक मराठी बाई आहेत, रिटायर्ड नर्स, एकट्या राहतात, खोली देतात. मात्र पक्क्या शाकाहारी आहेत आणि माणूस पारखून घेतात. मी ट्रेनमध्ये उत्तरं पाठ करत गेलो. त्यामुळे प्रश्न आला तेव्हा मी ताठ बसून सांगितलं, नाही, अजिबात नाही, आमच्याकडे अंड्याचा वाससुद्धा चालत नाही. सिस्टरांनी माझ्यासमोरचा अर्धा प्यालेला चहा उचलला आणि म्हणाल्या, मग ही खोली तुझ्या उपयोगाची नाही.

मी बूट घातले. दाराशी गेल्यावर राहवेना, म्हणून सांगून टाकलं की कॉलेजात असताना माझं रात्रीचं जेवण बहुतेक वेळा ऑम्लेट-पाव हेच असायचं.

“मग आधी नाही का म्हणालास?”

“तुम्ही शाकाहारी आहात असं कळलं होतं.”

“मी आहे. तुझा काय संबंध?”

त्यांनी कप परत आणून ठेवला. चहा तोच होता, गार झालेला. तो मी प्यालो आणि त्या घरात तीन हिवाळे राहिलो.

त्यांना सगळेच सिस्टर म्हणत. पोस्टमन, समोरचा पंजाबी टॅक्सीवाला, कौन्सिलची माणसं, मराठी मंडळातले लोक, सगळे. मिरजेला नर्सिंग शिकून साठच्या दशकाच्या अखेरीस त्या इंग्लंडला आल्या आणि बेडफर्डच्या एका हॉस्पिटलात त्यांनी अख्खी नोकरी काढली. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर “ड्यूटी होती” एवढंच सांगत. त्यांचं मराठी मिरज सोडताना होतं तिथंच थांबलेलं होतं. सिनेमाला बोलपट, ट्रेनला आगगाडी आणि माझ्या मोबाईलला ‘तुझं यंत्र’. गणपतीच्या कार्यक्रमात इथं जन्मलेली मुलं त्यांच्याजवळ येऊन “आजी, तुमचा पाय दुखते का?” असं विचारत. सिस्टर त्यांचं व्याकरण सुधारत नसत. पाय दाखवत.

घराचे नियम वॉर्डाचे होते. बाहेरून आलं की कोपरापर्यंत हात धुवायचे. पलंगाच्या चादरीचे कोपरे घडी घालून गादीखाली खोचायचे. मला खोकला आला तर त्या खालच्या मजल्यावरून तो कोरडा की ओला ते विचारत. हीटिंग लावायचं ते श्वासाची वाफ दिसल्यावरच. एकदा मी खाली जाऊन सांगितलं की वाफ दिसतेय, तर त्या चष्मा लावून माझ्या तोंडासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सोड श्वास. मी सोडला. त्यांनी हीटिंग लावलं.

अंडं खाणारा माणूस त्यांना का हवा होता, हे डिसेंबरात कळलं.

परसात विटांची एक छोटी खोली होती, पूर्वी कोळसा ठेवायची असावी. त्यात एक जुना गॅसचा ओव्हन, एक लांब टेबल आणि खिमा काढायचं हातयंत्र होतं. या यंत्रात खिमा कधीही गेला नव्हता. डिसेंबर लागला की सिस्टर इथं नाताळची इटालियन बिस्किटं करत. सिसिलीकडची, अंजिराची. सुकी अंजिरं, बेदाणे, भाजलेले बदाम, संत्र्याची साल, लवंग, दालचिनी हे सगळं यंत्रातून काढायचं, त्यात गोड वाइन घालून मुरू द्यायचं. मैद्याच्या, अंडी घातलेल्या पारीत ते सारण गुंडाळायचं, बोटाएवढे तुकडे कापून भाजायचे आणि वर साखरेचा पातळ लेप देऊन रंगीत दाणे भुरभुरायचे. त्याला इटालियनमध्ये कुच्चिदाती म्हणतात. सिस्टरांना तो उच्चार स्वच्छ येत होता, पण माझ्याशी बोलताना त्या अंजिराच्या करंज्या म्हणत.

स्वतः त्या यातलं काही खात नसत. मिरजेहून निघताना त्यांनी आईला शब्द दिला होता की अंडं, मांस आणि दारू यांना शिवणार नाही. म्हणून अंडी फोडताना त्या रबरी हातमोजे घालत. आई शिवू नकोस म्हणाली होती, आणि मोजे घातल्यावर ते शिवणं होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वाइन ओतताना तोंडाला मास्क बांधत. वासाबद्दल आई काही बोलली नव्हती, पण उगाच शंका नको.

तेव्हा चव घ्यायला माणूस लागायचा, आणि ते काम भाडेकरूकडे होतं. माझ्या आधीचा नागपूरचा होता. त्याला प्रत्येक गोष्ट सपक लागायची, म्हणून सिस्टरांनी त्याला दुसरीकडे खोली बघून दिली.

भिजवलेल्या पिठाला त्या पेशंट म्हणत. “पेशंट झाकून ठेव, वारं लागेल.” ओव्हनचं तापमान बघणं म्हणजे ताप बघणं. ट्रे बाहेर आला की डिस्चार्ज. एखादं बिस्किट करपलं तर त्या त्याच्याकडे बघून “गेला” म्हणत, आणि पुढच्याकडे वळत. पहिल्या दिवशी त्यांनी एक बिस्किट माझ्या हातात दिलं, मी खाल्लं आणि छान आहे म्हणालो.

“छान हे नातेवाइकांना सांगायचं असतं,” सिस्टर म्हणाल्या. “मला नीट रिपोर्ट दे.”

मग मी शिकलो. आधी काय लागतं, मग काय लागतं, गिळल्यावर घशात काय उरतं, साल कडू झाली का, लवंग पुढे येते का. माझ्या तोंडाकडे त्या थर्मामीटरकडे बघावं तशा बघत राहायच्या.

हे सगळं त्यांना शिकवलं पलीकडचीनं. पलीकडची म्हणजे शेजारच्या घरातली इटालियन बाई. तिला नाव होतं, पण सिस्टर माझ्याशी बोलताना तिला पलीकडचीच म्हणत, आणि मलाही तीच सवय लागली. तिचा नवरा बेडफर्डजवळच्या वीटभट्टीत काम करायला सिसिलीहून आला होता, जसे त्या काळी पुष्कळ इटालियन आले, आणि ती त्याच्यामागून आली. नवरा लवकर गेला. एक मुलगी होती, ती लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि बोलण्या-वागण्यात पक्की बेडफर्डची होती.

सिस्टर शेजारी राहायला आल्या त्या पहिल्या नाताळात पलीकडची ताटलीभर बिस्किटं घेऊन आली. सिस्टरांनी अंडं आहे का विचारलं आणि ताटली परत दिली. वर्षभर पलीकडची त्यांच्याशी बोलली नाही. पुढच्या डिसेंबरात तिनं दार वाजवलं आणि म्हणाली, खात नसशील तर निदान करायला ये. सिस्टर हात धुऊन गेल्या. पुढं तिची कंबर धरायला लागली तेव्हा कारखाना परसातल्या खोलीत आला.

दोघींची एक स्वतःची भाषा होती. इंग्रजी दोघींनी इथंच उचललेलं, एकीनं वॉर्डात आणि दुसरीनं बसस्टॉपवर. त्यात सिसिलीचे शब्द पडत आणि मिरजेचेही पडत. पलीकडची “अगं बाई” म्हणायची आणि “बास की गं” म्हणायची. सिस्टरांना ती ‘सोरेल्ला’ अशी हाक मारायची. इटालियनमध्ये त्याचा अर्थ बहीण. सिस्टरांची पुष्कळ वर्षं अशी समजूत होती की तो नर्ससाठीचा शब्द आहे, आणि त्यांनी हॉस्पिटलातल्या एका इटालियन पेशंटला तसं सांगितलंही होतं.

मूळ बिस्किटात डुकराची चरबी पडते. सिस्टर मदतीला येऊ लागल्यावर पलीकडचीनं चरबी बंद करून बटर घालायला सुरुवात केली. चर्चमधल्या बायकांच्या ते लगेच ध्यानात आलं. नाताळच्या विक्रीच्या टेबलावर एका बाईनं एक बिस्किट मोडून बघितलं आणि म्हणाली की हे आपल्याकडचं नाही. पलीकडचीनं तिच्या हातातले दोन्ही तुकडे काढून घेतले, पिशवीत ठेवले आणि सांगितलं की मग हे तुझ्याकरता नाही. ही हकीकत सिस्टरांनी मला सांगितली तेव्हा मी विचारलं, तुम्ही तर खातच नाही, मग चरबी असली काय आणि बटर असलं काय?

“तिला वाटत होतं मी कधीतरी खाईन,” सिस्टर म्हणाल्या. “आडकाठी एकेक करून कमी करत होती.”

“मग?”

“मग काय. अंड्यावर येऊन अडली.”

अंजिरं मात्र सिस्टरच आणायच्या, वेम्बलीहून. इटालियन दुकानातली अंजिरं त्यांना फार मऊ वाटत. ईलिंग रोडवरच्या एका गुजराती दुकानात त्या प्रत्येक अंजीर बोटांनी दाबून बघायच्या, गाठ बघावी तसं. दुकानदार दरवर्षी विचारायचा, काय बेन, घरी लग्न आहे? सिस्टर दरवर्षी सांगायच्या, ख्रिसमस आहे. परतीच्या ट्रेनमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसत. मी रॅकवर ठेवतो म्हणालो तर नको म्हणाल्या, हादरे बसतात.

पलीकडचीला डायबिटीस होता. त्यामुळे सिस्टरांनी तिला सबंध महिन्यात एकही बिस्किट खाऊ दिलं नाही. नाताळच्या दिवशी एक मिळेल असं सांगून ठेवलं होतं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी त्या खोलीत उभा राहून बिस्किटं खात होतो आणि दोन्ही बाजूला दोन बाया ती न खाता मला विचारत होत्या, कसं लागतंय. एक आईला दिलेल्या शब्दामुळे खात नव्हती, दुसरी पहिलीच्या हुकमामुळे.

दुसऱ्या हिवाळ्यात पलीकडची पारी लाटता लाटता थांबू लागली. बोलता बोलता विषय सुटायचा, तसं व्हायचं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. एका शनिवारी तिनं टेबलाच्या तिच्या बाजूला बसून भराभर पट्ट्या गुंडाळल्या, कापल्या, ट्रे भरला. सिस्टरांनी ट्रे उचलला आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. त्यांना वजन लागलं नाही. सगळी बिस्किटं रिकामी होती, आत सारणच नव्हतं. पलीकडची हात पुसत त्यांच्याकडे बघत होती.

सिस्टरांनी ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. भाजून झाल्यावर लेप दिला, दाणे टाकले, माझ्या हातात एक दिलं. मी खाल्लं.

“खुसखुशीत आहे,” मी म्हणालो.

“बघ,” सिस्टर पलीकडचीला म्हणाल्या. “खुसखुशीत झालीत.”

ती खूश झाली. रात्री जेवताना सिस्टर मला म्हणाल्या की आठ महिने तरी झाले असतील या विसरण्याला, आणि आपण बघत नव्हतो. शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःलाच सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात पलीकडची दोनदा वाट चुकली. एकदा ती वीटभट्टीच्या रस्त्यावर सापडली, नवऱ्याचा डबा म्हणून हातात रिकामी पिशवी घेऊन चालत होती. सिस्टरांनी तिच्या घराची एक किल्ली गळ्यात घातली आणि रोज रात्री जाऊन गॅस बघू लागल्या. मग सिस्टरच पायऱ्यांवरून पडल्या, गुडघा सुजला, आणि ते महिनाभर जमलं नाही. त्या महिन्यात मुलीनं आईला केअर होममध्ये ठेवलं. मुलगी घरी येऊन सिस्टरांना समजावून सांगत होती की आता दुसरा इलाज नव्हता. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मीही पेशंटच्या घरच्यांना हेच सांगत आले. मुलगी रडली. सिस्टरांनी तिला चहा दिला आणि तो संपेपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिल्या.

पलीकडच्या घराला कुलूप लागलं. सिस्टर त्या बाजूची खिडकी उघडेनाशा झाल्या. मुलीनं चारदोन वेळा त्यांना आईकडे नेलं, पण आई त्यांना ओळखत नव्हती, आणि परत आल्या की सिस्टर चपला न काढता हॉलमध्ये बसून राहत. तिसरा डिसेंबर आला. यंदा करायची नसतील, असं मी धरून चाललो होतो. डिसेंबरच्या सुरुवातीला मुलीचा फोन आला की आई काही खात नाहीये. जेवण आणलं की ताट सरकवते, विष आहे म्हणते. डॉक्टरांचं म्हणणं होतं की आता साखर वगैरे बघू नका, जे खाईल ते द्या.

सिस्टरांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, तुझी आगगाडी उद्या किती वाजता आहे. मी म्हणालो, उद्या शनिवार आहे. मग वेम्बलीला जाऊ, त्या म्हणाल्या.

वेम्बलीहून आल्यावर परसातल्या खोलीत आम्ही दोघंच होतो. पलीकडचीची खुर्ची सिस्टरांनी हलवू दिली नाही. त्या दिवशी त्यांनी मला एकच बिस्किट दोनदा चाखायला लावलं. मी म्हणालो, बरोबर आहे, नेहमीसारखं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण दुसरं तोंड उपलब्ध नव्हतं.

रविवारी दुपारी मी ऑफिसातल्या एकाची गाडी मागून त्यांना होममध्ये घेऊन गेलो. होमच्या मोठ्या खोलीत झाड सजवलेलं होतं, टीव्ही चालू होता. पलीकडची खिडकीजवळ कोट घालून, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. मुलगी आधीच आली होती. ती म्हणाली, रोज सकाळी कोट घालते, घरी जायचंय म्हणते. सिस्टरांनी आधी तिचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजली. पलीकडचीनं मोजू दिली. मग सिस्टरांनी डबा उघडून तिच्यासमोर धरला.

तिनं आत वाकून बघितलं. “विष आहे,” ती म्हणाली. मीठ कमी आहे म्हणावं, तेवढ्याच आवाजात.

मी पुढे होऊन एक उचललं आणि तिच्यासमोर खाल्लं.

“हा कुणाचंही खातो,” ती म्हणाली. ते खरं होतं.

मुलीनं एक खाल्लं. तिच्याकडे पलीकडचीनं बघितलंसुद्धा नाही. तिचं लक्ष सिस्टरांवर होतं. तिनं बोट उचलून सिस्टरांकडे दाखवलं आणि त्या दोघींच्या त्या भाषेत, अगदी सरळ, एकही शब्द न चुकता बोलली.

“ही खात नाही. मी बघते ना. स्वतः करते, सगळ्यांना वाटते आणि स्वतः कधी खात नाही. का खात नाही?”

तिच्या जागी कुणीही असतं तर हेच विचारलं असतं. सिस्टर डबा धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मला काही विचारण्यासाठी नव्हे. मग त्या डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या, त्यांनी उघड्या हातानं एक बिस्किट उचललं आणि खाल्लं. घाईनं गिळलं नाही. नीट चावून, थांबून, पुन्हा चावून खाल्लं. बोटांना लागलेला साखरेचा लेपसुद्धा रुमालाला पुसला नाही, चाटला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी हातानं मागे सारला.

“कसं आहे?” पलीकडचीनं विचारलं.

“छान आहे,” सिस्टर म्हणाल्या.

पलीकडचीनं डब्यात हात घातला. पहिलं तिनं पुढच्या दातांनी कुरतडलं, मग सगळं तोंडात टाकलं. मग दुसरं घेतलं. सिस्टरांनीही दुसरं घेतलं, कारण पलीकडची त्यांच्याकडे बघत थांबली होती. अशा त्या दोघी समोरासमोर बसून खात राहिल्या, एकीनं घेतलं की दुसरीनं. मुलगी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळानं चहा घेऊन एक केअरर आली. पलीकडचीनं तिला जवळ बोलावलं आणि सिस्टरांकडे मान करून विचारलं, ही बाई कोण? केअरर म्हणाली, तुमची मैत्रीण आहे ना, शेजारची. पलीकडचीनं मान हलवली. शेजारी कुणी राहत नाही, ती म्हणाली, ते घर रिकामं आहे. मग ती सिस्टरांकडे वळली.

“तू कुठं राहतेस?”

“इथंच,” सिस्टर म्हणाल्या. “बेडफर्डला.”

“माझ्या शेजारचं घर रिकामं आहे. मागे ऊन येतं. तू घे ते. मला बरं होईल.”

“आधी बघायला लागेल.”

“मग उद्या ये बघायला.”

“येते,” सिस्टर म्हणाल्या.

परतताना रिंगरोडच्या सिग्नलला मी थांबलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या की लवंग जास्त झालीय, आणि ती पहिल्यापासून जास्त होत असणार. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तेव्हा घरात कुणी नव्हतं. दिवेलागणीला सिस्टर बसमधून उतरल्या, हात धुतले आणि स्वयंपाकाला लागल्या.

पलीकडची त्यानंतर मार्चपर्यंत होती. तोवर सिस्टर रोज दुपारी बस धरून घर बघायला जात राहिल्या, डब्यात दोन बिस्किटं घेऊन.